अमेरिकेतलं कॉलेज स्पोर्ट्स, सट्टा आणि पैशाचं प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो. एमएस करायला आलो आणि मग इथेच चिकटलो. शिकताना दोन वर्षं युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये खेळाडू पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं ट्युटरचं काम केलं, तासाचे जे मिळायचे त्यात महिन्याचा किराणा निघायचा. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, पॉटलकला, व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी विचारतंच की अरे ते बेटिंगचं काय लफडं आहे, आमचा मुलगा टेनिसच्या स्कॉलरशिपवर चाललाय, मुलीचा रूममेट टीममध्ये आहे वगैरे. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

कॉलेजच्या पोरांच्या मॅचवर लोक पैसे लावतात? खरंच?

खरंच, आणि थोडेथोडके नाही. आपल्या डोक्यात इंटरकॉलेजिएट म्हणजे मैदानाच्या कडेला चाळीस टाळकी, त्यातली निम्मी लेक्चर बंक करून आलेली. इथे शनिवारी फुटबॉलला (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल) एकेका स्टेडियममध्ये लाखभर माणूस असतं. बास्केटबॉलची मार्चमधली स्पर्धा म्हणजे ६८ टीम, ६७ मॅच, तीन आठवडे, आणि तिच्या टीव्ही हक्कांचे वर्षाला साधारण १.१ अब्ज डॉलर येतात, तो करार २०३२ पर्यंत आहे. हे सगळं चालवते एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची सर्वात मोठी संघटना, १९०६ पासूनची. ऑफिसात दर मार्चला ब्रॅकेट, म्हणजे कुठली मॅच कोण जिंकेल याच्या अंदाजाचा तक्ता, भरतात, प्रत्येकी ५-१० डॉलर काढून, आपली तिथली देशी मंडळीसुद्धा हौसेने भरतात. निरुपद्रवी वाटतं. बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते असं माझं मत.

पण हे कायदेशीर आहे का? आणि कधीपासून?

१९९२ च्या एका फेडरल कायद्याने नेवाडा आणि दोन-चार राज्यं सोडून बाकीच्यांना स्पोर्ट्स बेटिंग सुरू करायला बंदी होती. न्यू जर्सीने त्याविरुद्ध केस लढवली आणि १४ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. त्यानंतर एकेक राज्य करत बहुतेक देश उघडला, आमच्या ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही दोन सर्वात मोठी राज्यं मात्र अजून बाहेर आहेत. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१, काही ठिकाणी १८. फँटसीवाली ॲप खूप राज्यांत १८ लाच चालतात. आणि आता ते प्रेडिक्शन मार्केट नावाचं नवीन निघालंय, जे म्हणतं आम्ही बेटिंग नाही, आम्ही 'कॉन्ट्रॅक्ट' विकतो, तेही १८ ला आणि कॅलिफोर्नियातसुद्धा. नाव बदललं की पाप धुतलं जातं तशातला प्रकार.

म्हणजे फर्स्ट इयरचं पोरगं बिअर घेऊ शकत नाही पण होस्टेलच्या बेडवर पडल्यापडल्या समोरच्या खोलीतल्या खेळाडूवर पैसे लावू शकतं.

पॉइंट शेव्हिंग म्हणजे काय? मॅच तर जिंकले होते, मग फिक्सिंग कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दोन टीम तुल्यबळ नसल्या की 'कोण जिंकेल' यावर पैसे लावण्यात मजा नाही, म्हणून बुकी एक फरक ठरवतात, त्याला स्प्रेड म्हणतात. समजा आपल्या टीमचा स्प्रेड ९ पॉइंटचा आहे. आपल्या टीमवर पैसे लावणारा तेव्हाच जिंकतो जेव्हा टीम ९ पेक्षा जास्त फरकाने जिंकेल. ती ७ ने जिंकली तर टीम जिंकली, कोच खूश, आईबाप खूश, आणि समोरच्या टीमवर पैसे लावणारासुद्धा खूश.

आता कोणीतरी येऊन पोराला सांगतो, अरे तुला हरायला कोण सांगतंय, फक्त दहाने जिंकू नका. एक फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर गेला, डिफेन्सला हात अर्धा सेकंद उशिरा वर गेला, एक फुकटचा फाउल घेऊन बेंचवर जाऊन बसला. बास. कुणाला दिसत नाही, आणि वाईट म्हणजे त्या पोराला स्वतःलाही वाटत नाही की आपण कुणाचं काही वाकडं केलंय, कारण टीम जिंकलीय. क्रिकेटमध्ये स्पॉट फिक्सिंगचा नो-बॉल निदान टीव्हीवर परत परत दाखवता येतो, रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल, हाताला न लागणं कसं दाखवणार?

बास्केटबॉलमध्येच हे जास्त का होतं, तर कोर्टवर पाचच जण असतात. त्यातला एक फुटला तरी काम होतं.

आणि ते प्रॉप बेट?

टीमवर नाही, एका खेळाडूच्या आकड्यावर लावलेली बेट. अमुक मुलगा १२ पेक्षा जास्त पॉइंट करेल की कमी, ५ रिबाउंड घेईल की नाही. ह्यात तर पाचातला एक फोडायचीही गरज नाही, तो एकटाच पुरे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनसीएएने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेटच्या तीन खेळाडूंना कायमचं बाहेर काढलं. त्यातले दोघे आधी रूममेट होते. एकाने दुसऱ्याला सांगितलं की अमुक मॅचला मी मुद्दाम कमी खेळणार, त्यावर मिळून २,२०० डॉलर लावले आणि १५,९५० डॉलर उचलले. एवढ्याशा रकमेसाठी आयुष्यभराचं कॉलेज करिअर.

ओहायो, मेरीलँड, व्हरमाँट आणि लुइझियाना या राज्यांनी २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरच्या प्रॉप बेट बंद केल्या. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर (हे आधी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते) बाकीच्या राज्यांच्या मागे लागलेत. गंमत म्हणजे गव्हर्नर असताना मॅसॅच्युसेट्समधल्या बेटिंगच्या कायद्यावर त्यांनीच सही केली होती.

हे सगळं मोबाईल ॲप आल्यामुळे झालंय ना?

नाही हो. ॲपने वेग वाढवला, रोग जुनाच आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची टीम दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच सीझनला जिंकली, गरीब घरांतली, ज्यू आणि काळी पोरं, फी नसलेलं सरकारी कॉलेज, सगळं शहर डोक्यावर घेऊन नाचलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्यातल्याच पोरांना अटक झाली. तपास वाढत गेला तसे ७ कॉलेजांचे ३२ खेळाडू निघाले, त्यात केंटकीसारखं बडं नाव, आणि केंटकीचा १९५२-५३ चा अख्खा सीझनच रद्द झाला.

पुढे १९७८-७९ ला बॉस्टन कॉलेज, त्यात न्यूयॉर्कचे माफियावाले होते आणि एका खेळाडूला १० वर्षांची शिक्षा सुनावली, ती नंतर कमी झाली. १९८५ ला टुलेन, तिथे युनिव्हर्सिटीने बास्केटबॉलच बंद करून टाकलं, चार वर्षांनी परत सुरू केलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९९४ ची ॲरिझोना स्टेटची केस. स्टीव्हिन स्मिथ नावाचा स्टार खेळाडू, एनबीएत, म्हणजे प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, जाणार हे नक्की मानलेलं. त्याने स्वतः बेट लावून कॅम्पसवरच्या एका बुकीची जवळपास १० हजार डॉलरची उधारी करून ठेवली होती. हा बुकी म्हणजे कोणी सिगार ओढणारा डॉन नव्हे, त्याच कॉलेजमधला विद्यार्थी. त्याने उधारी फेडायचा रस्ता सुचवला. बस्स. पुढे जेल.

कुठलीही केस काढा, नव्वद टक्के वेळा ओळखीचा माणूस निघतो (हा माझा अंदाजपंचे आकडा आहे, कुठे छापू नका). काळी गाडी, सूटकेस वगैरे सिनेमात. खरं म्हणजे रूममेट, जुना टीममेट, मित्राचा मित्र, आणि पहिल्यांदा तो पैसे देत नाही, आधी तुम्ही त्याचे काहीतरी देणं लागत असता.

आता तर खेळाडूंना पैसे मिळतात म्हणे. मग अजून हाव कशाला?

'हाव' शब्द काही मला पटत नाही, पण प्रश्न रास्त आहे.

आधी एका पैचीही परवानगी नव्हती, फी-खोली-जेवण-पुस्तकं एवढंच. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिराती करायला परवानगी मिळाली, ह्याला सगळे एनआयएल म्हणतात. मग जून २०२५ ला हाउस केसची (हाउस हे एनसीएएवर केस करणाऱ्या खेळाडूचं आडनाव) तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना १० वर्षांत मिळून २.८ अब्ज डॉलर नुकसानभरपाई, आणि आता कॉलेज स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त साधारण २०.५ मिलियन डॉलर प्रत्येक कॉलेजमागे.

आता हा आकडा ऐकून सगळ्यांना वाटतं पोरं मालामाल झाली. पण बघा, त्यातला मोठा वाटा, बऱ्याच ठिकाणी पाऊण, फुटबॉलला जातो, मग पुरुषांचं बास्केटबॉल, उरलेलं चिल्लर बाकी सगळ्यांत. आणि टीममध्ये तरी सारखं कुठे वाटतात? क्वार्टरबॅकला, म्हणजे फुटबॉल टीमच्या मुख्य खेळाडूला, मिलियन आणि त्याच लॉकर रूममध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्याला महिन्याचे काहीशे डॉलर. शिवाय हे मोठ्या कॉलेजांचं झालं, डिव्हिजन वन या सर्वात वरच्या गटात साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना तो २०.५ चा आकडा टीव्हीवरच दिसतो.

जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल सरकारी वकिलांनी २६ जणांवर बास्केटबॉलमधल्या पॉइंट शेव्हिंगचं आरोपपत्र ठेवलं, १७ हून जास्त टीममधले ३९ हून जास्त खेळाडू यात ओढले गेले असा आरोप आहे, लाच एका मॅचची साधारण १० ते ३० हजार डॉलर. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण त्यात एक वाक्य असं आहे की फिक्सर मुद्दाम असे खेळाडू हेरायचे ज्यांच्या एनआयएलच्या कमाईपुढे लाचेची रक्कम मोठी वाटेल. म्हणजे गरीब पोरगं हेरा असं नाही. शेजारच्याला मिळतंय आणि मला नाही, असं पोरगं हेरा. पूर्वी सगळेच कडके होते, आता एकाच बेंचवर लखपती आणि कडके मांडीला मांडी लावून बसतात. माझ्या मते हे आधीपेक्षा जास्त धोक्याचं आहे, आणि तरीही पैसे द्यायलाच नको होते असं मी म्हणणार नाही, कारण कोचला ७५ मिलियनपेक्षा जास्त देऊन *घरी पाठवणारं* कॉलेज (टेक्सास ए अँड एम, २०२३) खेळाडूला 'तू हौशी आहेस रे बाळा' असं कुठल्या तोंडाने सांगणार होतं?

पैशाचं प्रेशर म्हणजे नेमकं काय? स्कॉलरशिप असते ना?

फुल स्कॉलरशिप थोड्यांना. टेनिस, स्विमिंग, ट्रॅकमध्ये बहुतेकांना अर्धी-पाव असते, बाकीचे आईबाप भरतात किंवा कर्ज. प्रॅक्टिस, जिम, प्रवास, व्हिडिओ मीटिंग यात इतका वेळ जातो की पार्ट टाइम जॉब शक्य नाही. घरून फोन येतो, धाकट्या भावाचे बूट, आईच्या गाडीचं काम. एक मुलगा मला सांगायचा की एनआयएलचे पहिले पैसे आले तेव्हा त्याने घरी पाठवले आणि मग घरच्यांना सवय लागली, पुढच्या सीझनला तो बेंचवर गेला, करार गेला, पण घरून मागणी तीच. दुबईला गेलेल्या मुलाचं कसं होतं आपल्याकडे, तेच.

आणि टॅक्स! १०९९ म्हणून एक फॉर्म येतो, त्यात आधी काही कापलेलं नसतं, पोरं सगळे पैसे उडवून मोकळी होतात आणि एप्रिलमध्ये कळतं की सरकारला इतके हजार द्यायचेत. तेव्हाच नेमका कोणीतरी मदतीला धावून येतो.

खेळाडूला नक्की कशावर बेट लावायला बंदी आहे?

एनसीएए ज्या खेळांची स्पर्धा घेते त्या खेळावर कुठल्याही पातळीवर, कॉलेज असो की प्रोफेशनल. म्हणजे टेनिसच्या मुलाने एनबीएवर ५ डॉलर लावले तरी नियम मोडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रोफेशनल मॅचवर लावायला परवानगी देऊन टाकली होती, महिन्याभरात बोंबाबोंब झाली आणि कॉलेजांनी मतदान करून नोव्हेंबरमध्ये ती परत घेतली. व्हॉट्सॲपवर जुनी बातमी अजून फिरतेय, 'आता चालतं' म्हणून. चालत नाही.

मग आयपीएल?

हा खास आपला प्रश्न! क्रिकेट एनसीएएचा खेळ नाही, त्यामुळे आयपीएल त्या नियमात बसत नाही. पण म्हणून लावा असा अर्थ काढू नका. कॉलेजचे स्वतःचे नियम जास्त कडक असू शकतात, आणि भारतात बसून लावणार असाल तर २०२५ च्या ऑगस्टमधल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद केलेत, ड्रीम११ ला सुद्धा पैशाच्या कॉन्टेस्ट बंद कराव्या लागल्या आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं नावही गेलं. उन्हाळ्यात पुण्याला घरी आलेल्या खेळाडूने काकाच्या फोनवरून टेलिग्रामच्या कुठल्या ग्रुपवर आयडी घेतला तर त्याला दोन्ही देशांत वाचवायला कोणी नाही.

माझी मुलगी खेळत नाही, फक्त टीमसाठी डेटाचं काम करते. तिला काय?

तिलाही सगळे नियम लागू. हे बऱ्याच देशी मुलांना माहीतच नसतं. ॲनालिटिक्सवाले, व्हिडिओ कापणारे, स्टुडंट मॅनेजर, टॉवेल देणारे, ॲथलेटिक्सच्या पगारावर आहे तो प्रत्येक जण. मी ट्युटर असताना मलाही फॉर्मवर सही करावी लागली होती, आणि त्या मार्चला ऑफिसच्या ब्रॅकेटला ५ डॉलर दिले नाहीत म्हणून लॅबमधल्या लोकांनी चिक्कू म्हणून चिडवलं होतं.

आणि बेट न लावताही अडकता येतं, माहिती दिली तरी पुरे.

माहिती म्हणजे? 'आज अमका खेळतोय का' एवढं सांगितलं तर काय बिघडलं?

तेवढंच तर विकतात. एप्रिल २०२३, अलाबामा युनिव्हर्सिटीचं बेसबॉल, एलएसयू (लुइझियाना स्टेट) विरुद्धची मॅच. अलाबामाचा ठरलेला पिचर खेळणार नाही हे कोचला माहीत होतं, त्याने ते ओळखीच्या एकाला कळवलं. तो माणूस सिनसिनाटीच्या स्टेडियममधल्या बेटिंग काउंटरवर उभा, हातात फोन, आणि काउंटरवाल्याला म्हणतो मला एक लाख डॉलर लावायचेत. कॉलेज बेसबॉलवर! लग्नात आहेराच्या पाकिटात कोणी लाख टाकले तर जसे सगळे वळून बघतील तसं झालं. काउंटरवाल्यांनी १५ हजारांवर अडवलं आणि लगेच वर कळवलं. कोचची नोकरी गेली, त्याला एनसीएएने १५ वर्षांसाठी जवळपास हद्दपार केलं, बेट लावणारा जेलमध्ये गेला.

त्यामुळे घरच्या ग्रुपवर 'आज दादाचा पाय मुरगळलाय, खेळणार नाही बहुतेक, बाप्पा लवकर बरं कर' असा मेसेज टाकताना सुद्धा जरा विचार करा. खरंच सांगतोय. टीमने जाहीर केलेलं नाही ते सांगायचं नाही, आजीलाही नाही.

पकडले जातात ते असेच काउंटरवर?

क्वचित. कायदेशीर ॲपवर प्रत्येक बेटची नोंद असते, वेळ, जागा, फोन, सगळं. आडवळणाच्या कॉलेजच्या राखीव खेळाडूच्या रिबाउंडवर अचानक पैशांचा पूर आला की भाव हलतो आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या कंपन्यांकडे घंटी वाजते. जुन्या बुकीच्या वहीत हे नव्हतं. म्हणून 'कायदेशीर झालं म्हणून भ्रष्टाचार वाढला' असं म्हणणाऱ्यांना मी म्हणतो की वाढला असेलही, पण दिसायला लागला हेही आहेच.

दुसऱ्याच्या नावाच्या अकाउंटवरून खेळणं ही पोरांची आवडती युक्ती, आईच्या नाहीतर गर्लफ्रेंडच्या. २०२३ मध्ये आयोवाच्या दोन मोठ्या युनिव्हर्सिटींच्या खेळाडूंचं जे प्रकरण झालं त्यात बरेच असेच सापडले. तिथे मात्र तपासणाऱ्यांनी वॉरंट न काढताच खेळाडूंच्या इमारतींमधले फोन कुठे बेट लावतायत ते बघितलं होतं, त्यावरून वाद झाला आणि मार्च २०२४ मध्ये चार जणांवरचे आरोप मागे घ्यावे लागले. पण ज्यांनी आधीच गुन्हा कबूल करून दंड भरला होता आणि ज्यांचा सीझन गेला होता, त्यांचं काय? काही नाही.

खेळाडूंना धमक्या येतात हे खरं?

हो. ट्युटरिंगच्या टेबलवर एक बास्केटबॉलचा मुलगा फोन उलटा ठेवून बसायचा. स्टँडर्ड डेव्हिएशन चाललंय आणि फोन टेबलावर थरथरत सरकतोय, पेन्सिलीपर्यंत आला की तो परत मागे ओढायचा. एकदा मी म्हटलं बघ बाबा, घरचं काही असेल. त्याने सरळ करून मलाच दाखवला. वेन्मोवर (आपल्या गूगल पेसारखं पैसे पाठवायचं ॲप) अनोळखी लोकांच्या पैसे मागायच्या रिक्वेस्ट. कोणाचे २५ डॉलर, कोणाचे ६०, एकाचे ४००. खाली कारण लिहायची जागा असते ना, तिथे आईवरून शिव्या, आणि 'दोन रिबाउंड कमी पडले, माझे पैसे परत कर'. टीम वीसने जिंकली होती त्या दिवशी. सगळं दाखवून परत फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, हं, व्हेरिअन्सचा रूट घ्यायचा ना?

एनसीएएने २०२४ च्या मार्चच्या स्पर्धेतल्या मेसेजची तपासणी करून घेतली तेव्हा मुलींना मुलांपेक्षा जवळपास तिप्पट धमक्या आल्याचं दिसलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या अर्मांडो बेकॉटनेही त्याच वर्षी उघडपणे सांगितलं होतं की मॅच जिंकूनसुद्धा, रिबाउंड कमी पडले म्हणून शंभरावर मेसेज आले. तुमचं पोरगं टीममध्ये असेल तर वेन्मो प्रायव्हेट करा, आजच.

कॉलेजं स्वतः बेटिंग कंपन्यांकडून पैसे घेत होती का?

घेत होती, राजरोस. २०२० मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीने एका बेटिंग कंपनीशी करार केला, त्यात त्यांच्या कोडवरून कोणी नवीन अकाउंट उघडलं की कॉलेजला ३० डॉलर मिळायचे. लुइझियाना स्टेटचा करार होता, तिथे बेटिंगच्या जाहिरातीचा ईमेल २१ च्या आतल्या विद्यार्थ्यांनाही गेला. पेपरात आलं, आरडाओरडा झाला, आणि २०२३ मध्ये बेटिंग उद्योगाच्या संघटनेनेच कॉलेजांशी असे करार करायचे नाहीत असा नियम केला. म्हणजे लाज आधी कोणाला वाटली बघा.

एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर एनआयएलचे पैसे घेता येतात का?

इथे खूप मुलं फसतात. कॉलेजने परवानगी दिली म्हणजे इमिग्रेशनने दिली असं नाही. अमेरिकेत बसून इन्स्टाग्रामवर प्रोटीन पावडरची जाहिरात करणं हे काम धरलं जाऊ शकतं आणि परवानगीशिवाय काम केलं तर व्हिसाच धोक्यात. पर्ड्यूचा झॅक एडी, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, पण कॅनडाचा, त्यामुळे अमेरिकन स्टार मिळवतात तसे पैसे त्याला इथे मोकळेपणाने घेता येत नव्हते. आपल्याकडून सोमदेव देववर्मन, तेजस्विन शंकर, आपल्या पुण्याचा अर्जुन कढे असे बरेच जण कॉलेज स्पोर्ट्समधून गेलेत आणि पुढेही मुलं जाणारच, तर त्यांनी सही करायच्या आधी डीएसओला (कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा अधिकारी) विचारायचं आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं. तोंडी नाही.

हाच नियम सट्ट्यातल्या जिंकलेल्या पैशाला नाही, पण तिथे दुसरं आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या जिंकलेल्या रकमेवर साधारण ३० टक्के टॅक्स आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. हजार जिंकला आणि बाराशे हरला तरी हजारावर टॅक्स!

मुलगा खेळाडू नाही, नुसता बेट लावतो. कसं ओळखायचं?

माझा एक रूममेट होता, नाव राहू दे. त्याने तीन महिने भाडं उशिरा दिलं, दर वेळी नवीन कारण, बँक बदलली, कार्ड हरवलं, घरून वायर अडकली. आम्ही बाकीचे भरत राहिलो. कळलं कधी, तर रात्री दोन वाजता तो किचनमध्ये दिवा न लावता उभा राहून फोनवर कोरियातली बेसबॉल मॅच बघत होता. कोरियातली! ज्याला बेसबॉलचे नियम माहीत नाहीत. आवडत्या खेळावर लावतो तोवर नाद, कुठल्याही खेळावर लावायला लागला की आजार, हे माझं ढोबळ माप.

घरून बघायचं तर सेमिस्टरच्या मधेच फीच्या नावाने पैसे मागणं, मित्रांकडून छोटी छोटी उसनवारी, क्रेडिट कार्डवर कॅश काढणं. ओरडून उपयोग नाही, तो फक्त लपवायला शिकतो. ॲपमध्ये स्वतःला बंद करून घ्यायची सोय असते आणि राज्याच्या यादीतही नाव घालता येतं. १-८००-गॅम्बलर हा फोन नंबर फुकट आहे. बहुतेक कॉलेजांत काउन्सेलिंगही फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत असतं. आणि एकदम सगळं कर्ज फेडून टाकू नका, आमच्या रूममेटच्या वडिलांनी शेत गहाण टाकून फेडलं, दोन महिन्यांत परत तेवढंच झालं.

चूक झालीच असेल तर कॉलेजला सांगायचं का? करिअर संपेल?

कशावर लावले त्यावर आहे. स्वतःच्या मॅचवर लावले किंवा मुद्दाम खराब खेळला तर कायमची बंदी, तिथे सुटका नाही. पण इतर खेळांवर थोडेफार लावले असतील तर २०२३ मध्ये एनसीएएने शिक्षा बऱ्याच सौम्य केल्या. एकूण २०० डॉलरच्या आत असेल तर फक्त एक क्लास करायचा, ५०० पर्यंत सीझनच्या १० टक्के मॅच बाहेर, ८०० पर्यंत २० टक्के, त्यावर ३० टक्के आणि पुढे आणखी वाढू शकते. म्हणजे एनबीएवर दीडशे डॉलर लावलेल्या टेनिसच्या पोराला रात्र रात्र जागायची गरज नाही. खरा धोका पुढे असतो, जेव्हा त्याचं ते गुपित दुसऱ्या कोणाला कळतं आणि तो दुसरा म्हणतो, सांगू का कोचला?

प्रत्येक ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये कम्प्लायन्स ऑफिस असतं, नियम पाळले जातायत का ते बघणारं. आमच्याकडे ते तळमजल्यावर होतं, लाँड्रीच्या शेजारी. पोरं तिथे जायला घाबरायची, म्हणून तिथल्या बाईंनी दारात लिमलेटच्या गोळ्यांचा बाउल ठेवला होता, गोळी घ्यायच्या निमित्ताने तरी कोणी आत येईल म्हणून. जायच्या आधी वकिलाशी एकदा बोलून घ्या, कॉलेजच्या वकिलाशी नव्हे, स्वतःच्या. विद्यार्थ्यांसाठी फुकट सल्ला देणारं लीगल ऑफिस पुष्कळ कॅम्पसवर असतं, तिथे विचारता येईल, आणि जाताना ॲपमधली सगळी हिस्टरी डाउनलोड करून न्या, कारण पहिला प्रश्न 'किती' हाच असतो आणि आठवून सांगितलेला आकडा नेहमी कमी निघतो.